चुंबकाला न चिकटणारी गोळी

चाकूरहून लातूरला येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. भंगार गोळा करणारी बाई. लोखंड निवडायचं चुंबक पदराच्या टोकाला बांधलेलं. खिडकीशी तिची गरोदर लेक. दवाखान्यातून मिळालेली लाल गोळी तळहातावर घेऊन बाई पुन्हा पुन्हा तिच्यावर चुंबक टेकवत होती.

"भाऊ, डाक्टर म्हनले पोरीला रगात कमी हाय, लोखंडाची गोळी द्या. मग ही चिटकंना कशी? पितळावानी गप बसलीय. खोटी असंल तर कशाला देऊ?"

दहावीचं आठवेल तेवढं मी सांगितलं. "लोखंडच आहे, पण दुसऱ्या पदार्थाशी जुळून त्याचा क्षार झालाय, म्हणून चिकटत नाही. आपल्या रक्तातलंही तसंच." बोलता बोलता माझाच गोंधळ उडाला. मग त्यात लोखंड उरलं कुठं?

तिनं चुंबक लेकीच्या मनगटावर ठेवलं. बराच वेळ दाबून धरलं.

"हितं बी चिटकंना," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी दोन्ही एकाच जातीचं हाय. घे माय, गीळ."

लेकीनं गोळी गिळली. बाईनं माझ्याकडे पाहिलं, तशी मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मला अजून उमगलेलं नाही.