आबांनी भरलेलं दप्तर

आबा रोज संध्याकाळी जमिनीवर मांडी घालून नातीचं दप्तर भरत. सगळी पुस्तकं, सगळ्या वह्या, चित्रकलेचं सामान, पाण्याची मोठी बाटली. वेळापत्रक भिंतीवर होतं, पण ते तिकडे पाहत नसत. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं होतं. "माझ्या खिडकीवरून कोणी रिकाम्या हाताने परत गेला नाही," असं अभिमानाने सांगत.

कात्रपच्या आमच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. लिफ्ट बंद पडली आणि शाळेतून चालत आलेली त्यांची नात आर्या रोज आमच्या दाराशी धापा टाकत थांबू लागली. एकदा मी तिचं दप्तर प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्याला अडकवलं. साडेसहा किलो. चौथीतली आर्या स्वतः चोवीस किलोची.

"आबा, पोरगी शाळेत जाते की माथेरानला?"

"तुम्ही आकडे मोजा. बाई आल्या नाहीत, बदलीच्या बाईंनी भूगोल काढायला सांगितला, तर वर्गाबाहेर ती उभी राहील. तुम्ही नाही."

माणूस कोरडा नव्हता. तिच्या पोटऱ्यांत गोळे आले की स्वतः कोमट तेल चोळत बसायचे. "वाढीचं वय आहे, उतरेल."

उतरलं नाही. दिवाळीनंतर ती खेळायला येईनाशी झाली. मैत्रिणींनी हाक मारली की गॅलरीतूनच म्हणायची, "पाय दमलेत." जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायची, म्हातारीसारखी. मी आबांना पुन्हा सांगितलं. ते हसले.

एका दुपारी ती आमच्या दाराशी बसली ती उठेना. मांड्या थरथरत होत्या. मी आबांना हाक मारली. ते खाली आले. "ऊठ बघू." ती उठली आणि गुडघ्यांतून खचली. दप्तराने तिला मागे, जिन्याकडे ओढलं. मी पट्टा पकडला म्हणून वाचली.

आबांनी दप्तर पाठीवर घेतलं. स्टोअरमध्ये माल उचलायला हमाल असत. हे दप्तरही त्यांनी नुसतं भरलं होतं, उचललं कधीच नव्हतं. मधल्या वळणावरच ते कठड्याला टेकले. पाय लटपटत होते.

"रोज एवढं?"

"आज हलकं आहे, आबा," माझा हात धरून चढणारी आर्या म्हणाली. "बाटली संपलीय ना."

त्या संध्याकाळी त्यांनी चष्मा लावून वेळापत्रक वाचलं.

पुढच्या वर्षी आबा गेले. आता लिफ्ट चालते, दप्तरात त्या दिवसापुरतंच असतं. पण वीज गेली की आर्याला जिना चढावा लागतो. हात रिकामे असले तरी ती आमच्या दाराशी थांबते, कठडा धरते आणि वाकून पोटरी दाबते.