बिनमिठाचा मे महिना

नववीला पेशी शिकवायला घेतली की मी मनुका पाण्यात टाकते. त्या फुगतात, पोरं खूश होतात. मग फळ्यावर पेशीचं पटल काढते: स्निग्ध रेणूंचे दोन थर, त्यांत रोवलेली प्रथिनं. पाणी सहज आत-बाहेर करतं, मिठाला मात्र प्रथिनांच्या ठरलेल्या दारांतूनच जावं लागतं. बाहेरचं पाणी अळणी झालं की ते आत शिरतं आणि पेशी फुगते. वीस वर्षं हेच घोकून घेतेय.

गेल्या मे महिन्यात आईला शहराच्या महाल भागातल्या तिच्या घरून प्रताप नगरला माझ्याकडे आणलं. बीपी वाढलेलं. डॉक्टरांनी लघवीवाटे मीठ काढणारी गोळी दिली, जेवणात मीठ कमी करा म्हणाले. मी पडले एक घाव दोन तुकडे करणारी. मीठ बंदच केलं. वर उन्हाळा म्हणून तासातासाला पेलाभर पाणी, तेही समोर उभं राहून.

"मठ्ठ्यात चिमूटभर तरी टाक ना वं. अळणी उतरूनच नाही राहिला घशाखाली," ती म्हणायची.

"अन् बीपी वाढलं मंग?"

आठवड्याभरात तिचं डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं. ऊन लागलं समजून मी पाणी वाढवलं. एका दुपारी तिनं दह्याचं भांडं कपड्यांच्या कपाटात ठेवलं आणि मला विचारलं, "तुम्ही कोण व्हय बाई?" मला संताप आला. महालात परत जायला सोंग करतेय, असं वाटलं. "नाटकं बंद कर," म्हणत मी पेला पुढे केला. तिनं मुकाट्यानं पिऊन टाकला. संध्याकाळी तिला फिटचा झटका आला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीनं रिपोर्ट दाखवला. रक्तातलं सोडियम फार उतरलं होतं, मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या फुगल्या होत्या. मला कळावं म्हणून ती कागदावर गोल काढून पटल, पाणी, मीठ समजावत होती. मी मान हलवत राहिले.

"तुम्ही काय करता?" तिनं विचारलं.

"घरीच असते," मी म्हणाले.

आई वाचली. घरी आल्यावर मावशी भेटायला आली, तेव्हा आई तिला कौतुकानं सांगत होती, "पोरगी होती म्हणून वाचली मी. घडीघडी पाणी पाजे मले."

मी तिथंच उभी होते. आईला अजून खरं सांगितलेलं नाही.