कानाची पुडी

अनुभव लिहायला बसले आहे खरी, पण ज्या दिवसांबद्दल लिहायचं आहे, त्या दिवसांत मी देवाशी बोलणंच बंद केलं होतं. सवयीने संध्याकाळी देव्हाऱ्यात दिवा लावायचे आणि दत्तगुरूंच्या तसबिरीकडे न बघता स्वयंपाकघरात परत यायचे. हात जोडावेसेही वाटत नसत. निष्ठेने सेवा केलेल्यांना प्रचीती येते, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्याजवळ सेवा नव्हती, निष्ठाही उरली नव्हती. म्हणून हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

लग्न होऊन मी वसईजवळच्या जूचंद्रला आले तेव्हा गावात एकच मोठं दुकान होतं, आमचं. माझ्या आजेसासऱ्यांनी ते काढलं आणि पुढे सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, चालवलं. तांदूळ-डाळीपासून कंदिलाच्या काचा, पाटीवरच्या पेन्सिली, तापावरच्या गोळ्या, गळाचे आकडे, लग्नातल्या मुंडावळ्या, सगळं तिथे मिळायचं. आबा पहाटे अंघोळ करून फळ्या उघडत आणि दिवेलागणीनंतर बंद करत. त्यांच्या पुड्या बांधण्याची एक रीत होती. वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन त्यात जिन्नस टाकायचा, चारी बाजूंनी मुडपायचा, पण शेवटचा कोपरा आत न खोचता बाहेर ठेवायचा, सशाच्या कानासारखा. दोऱ्याला गाठ मारायची नाही, त्याच कानाखाली पीळ देऊन अडकवायचा. कान ओढला की पुडी उघडायची. मिठागरावरच्या बायांची बोटं खाऱ्या पाण्याने चिरलेली असायची, त्यांना गाठी सुटत नसत, म्हणून ही युक्ती आजेसासऱ्यांनी काढली होती म्हणे. गावात तिला कानाची पुडी म्हणत. मी पुष्कळदा करून पाहिली. माझी वाटेतच सुटायची.

नव्वदचं दशक संपत आलं तसे आबा विसरायला लागले. आधी भाव विसरले, मग माणसं. एकदा त्यांनी एका बाईला गोडेतेलाच्या बाटलीत रॉकेल भरून दिलं. त्या बाईने कढई चुलीवर ठेवण्याआधी वास घेतला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी माझ्या यजमानांनी दुकानाला कुलूप लावलं. दुसरा इलाजच नव्हता. त्यानंतर वर्षाच्या आत रस्ता रुंद झाला आणि दुकानाची पडवी, ओटा सगळं गेलं. पण आबांच्या डोक्यातलं दुकान काही गेलं नाही. रोज सकाळी ते धोतर नेसून तयार व्हायचे आणि मला विचारायचे, "बाय, दुकानाची चावी कुठं ठेवलीस?" मी रोज समजावायचे. रोज त्यांना ते नव्याने कळायचं आणि रोज ते नव्याने रडायचे. आपल्याच माणसाला दर सकाळी त्याच दुःखात नव्याने ढकलायचं, हे किती जड असतं ते ज्याने केलं त्यालाच कळेल.

चैत्राच्या उन्हात एका दुपारी आबा घरातून निघून गेले. मी मागच्या अंगणात पापड वाळत घालत होते. आत आले तर खाट रिकामी, चपला खाटेखालीच. यजमान कामावरून धावत आले. सगळा गाव बाहेर पडला. मिठागरं पालथी घातली, नायगाव स्टेशन पाहिलं, पोलिसांत वर्दी दिली. कोळ्यांनी होड्या घेऊन खाडीचे काठ शोधले. काठावर उभं राहून मी त्या चिखलात बांबू घालून बघणाऱ्या माणसांकडे बघत होते. कुणी थांबून खाली वाकलं की मी काठाच्या आणखी कडेला सरकायचे. मग तो माणूस सरळ व्हायचा आणि बांबू पुढे सरकायचा.

असे दिवस जाऊ लागले. आबांचा फोटो छापलेले कागद आम्ही वसईपर्यंत भिंतींवर चिकटवले. कुणी म्हणे, गाडीत चढताना पाहिलं, कुणी म्हणे, हायवेच्या कडेने चालले होते. प्रत्येक बातमीमागे यजमान धावायचे आणि परत येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांचे गाल बसले. ते माझ्याशीही बोलेनासे झाले. मी आधी नवस बोलले, पोथी लावली, गुरुवार केले. मग एका सकाळी पोथी उघडली आणि मला एक अक्षर वाचवेना. अनवाणी पायांनी, तापलेल्या डांबरावरून, स्वतःचं नाव न आठवणारा एक म्हातारा कुठेतरी चालतो आहे आणि मी इथे पंख्याखाली पारायण करते आहे. मी पोथी बांधून वर ठेवली. ज्या देवाला एवढंही दिसत नाही, त्याला काय सांगायचं, असं मनात आलं.

आठवडा उलटून गेल्यावर निरोप आला. नालासोपाऱ्यातल्या एका इस्पितळात रस्त्यावर सापडलेला एक वृद्ध आणला होता, रात्रीच गेला होता. ओळख पटवायला या. यजमान एकटे निघाले होते, मीच हट्टाने बरोबर गेले. शवागाराच्या बाहेरच्या बाकावर मी बसले आणि ते आत गेले. बाहेर यायला त्यांना फार वेळ लागला नाही. ते दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "आबा नाहीत ते." मी उठले, त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं, आता यांना जरा धीर येईल. पण ते तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडत म्हणाले, "असते तर बरं झालं असतं गं. संपलं तरी असतं." मी त्यांना गप्प केलं नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं. त्याहून खोल जागा मी माझ्या आयुष्यात पाहिलेली नाही.

तिथून स्टेशनकडे आम्ही चालत निघालो. तुळिंजच्या बाजारातून जाताना यजमानांना घेरी आली. दोन्ही बाजूंना दुकानं, माणसांची ही गर्दी, बसवायला जागा नाही. एका गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं लहानसं देऊळ दिसलं, तिथल्या पायरीवर मी त्यांना कसंबसं टेकवलं. देवळातल्या पुजाऱ्याची बायको झाडत होती. तिने केरसुणी टाकून पाणी आणलं. "ताई, उपाशी दिसतात हे. थांबा, काहीतरी गोड तोंडात घालू द्या," म्हणाली आणि गाभाऱ्याच्या कोनाड्यातून खडीसाखरेची एक पुडी आणून माझ्या हातात दिली.

मी पुडी हातात घेतली. कागदाचा एक कोपरा बाहेर होता. दोऱ्याला गाठ नव्हती.

आत मारुतीला मी हातही जोडले नव्हते, हे मला आजही आठवतं. मी त्या पुडीकडे नुसती बघत राहिले. मग कान ओढला. दोरा सरकन सुटला. यजमानांनी डोळे उघडून माझ्या तळहातावरचा कागद पाहिला आणि ते ताडकन उठून उभे राहिले. "ही कुठून आणली?" त्या बाईला वाटलं, साखरेत काही निघालं. घाबरून म्हणाली, "अहो, पलीकडच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडून. आधी तो प्लॅस्टिकच्या पिशव्याच द्यायचा, हल्ली एक म्हातारेबाबा बसतात, ते बांधून देतात."

ती गल्ली आम्ही कशी ओलांडली ते मला सांगता येणार नाही. दुकान कसलं, चाळीच्या खोलीला पुढे शटर बसवलेलं होतं. आत पोत्यांच्या मध्ये, चटईवर मांडी घालून आबा बसले होते. अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा होता, पायांना फडकी बांधलेली होती. मांडीवर कागदाचे तुकडे, बाजूला हरभऱ्याची डाळ. त्यांचे हात चालले होते. वर्षभरात मी त्यांचा चेहरा इतका शांत पाहिला नव्हता.

माझी सावली पडली तसं त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे नीट निरखून बघून ते हसले आणि म्हणाले, "काय पायजे, बाय?"

गिऱ्हाइकाला विचारावं तसं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. यजमान आत शिरून त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडू लागले. आबा गोंधळले. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "रडतंस कशाला रं? कोनी मारला? थांब, गूल देतू." शेजारच्या भेलीतून गुळाचा खडा मोडून त्यांनी मुलाच्या तोंडापुढे धरला. पन्नाशीला आलेल्या माझ्या यजमानांनी तो लहान मुलासारखा तोंडात घेतला.

दुकानदार रामसूरत उत्तर प्रदेशातला, तिशीचा असेल. तो हात जोडून सारखा माफी मागत होता. "बाबूजी खुदही आके बैठ गए, भाभी. पाँव में छाले पडे थे. गाँव पूछो तो कहते थे, यही मेरा दुकान है. सब गिऱ्हाइकांना मैंने पूछा, कोणी ओळखत नव्हतं." त्याच्या बायकोने आतून चहा आणला. आबा पोळी खात नाहीत हे तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं, ती त्यांच्यासाठी वेगळा भात लावत होती. एवढं कशासाठी केलंत, असं मी विचारलं तर तिला प्रश्नच कळला नाही. "बुढे आदमी है. कहाँ जाते?" एवढंच म्हणाली.

आबांना घरी चला म्हटलं तर ते चिडले. "दुकान टाकून कसा येऊ मी?" मग आम्ही तिथेच बसून राहिलो. संध्याकाळी रामसूरतने शटर अर्धं खाली ओढलं, तसे ते आपणहून उठले, देवाच्या तसबिरीला नमस्कार केला आणि आमच्याबरोबर चालू लागले.

आबा मिळाले म्हणजे दुःख संपलं, असं झालं नाही. घर त्यांना ओळखीचं वाटेना, मुलगा ओळखीचा वाटेना. पुन्हा सकाळी चावी शोधणं, पुन्हा रडणं. मी देवाकडे जे आबा मागितले होते, ते परत येणारच नव्हते. ज्या दिवशी हे माझ्या मनाने मानलं, त्या दिवशी मी समजावणं सोडलं. त्यांनी चावी मागितली तेव्हा म्हटलं, "चला, दुकान उघडायचंय ना?" आणि दुपारची गर्दी नसलेली गाडी धरून त्यांना तुळिंजला घेऊन गेले. रामसूरतने काही न विचारता चटई अंथरली. मग जमेल तेव्हा आम्ही जाऊ लागलो. मी शेजारी बसून कागद कापून द्यायचे. रामसूरतच्या बायकोने कानाची पुडी आबांकडे बघून बघून उचलली. मला मात्र ती शेवटपर्यंत जमली नाही.

पावसाळा सरता सरता आबा अंथरुणाला खिळले आणि नवरात्राच्या आधी गेले. मला त्यांनी सूनबाई म्हणून पुन्हा कधीच हाक मारली नाही. शेवटपर्यंत मी त्यांची कुणीतरी गिऱ्हाईक बायच होते.

तेराव्याला रामसूरत आणि त्याची बायको पहिल्यांदाच आमच्या घरी आली. तो अंगणात, लोकांच्या मागे, चपलांजवळ बसला होता. त्याने टोपी काढली तेव्हा आम्हाला दिसलं, त्याने डोकं भादरलेलं होतं. आबा गेल्याचं कळल्यावर त्याने दुकान बंद ठेवलं होतं आणि मुलाने करावं तसं मुंडण केलं होतं. यजमान उठले, त्याचा हात धरून त्याला आत आणलं आणि आपल्या शेजारी, घरच्यांच्या पंगतीत बसवलं. भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "हा कोन रं?"

यजमान म्हणाले, "आबांचं दुकान आता हा चालवतो."

त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि पुष्कळ महिन्यांनी तसबिरीकडे नीट पाहिलं. काही मागावं असं मनात आलं नाही. ती पुडी देवाने दिली की योगायोगाने आली, हे मला ठरवता येत नाही आणि आता ठरवायचंही नाही. मी पाठ फिरवून बसले होते, तेव्हाही परक्या गल्लीत माझ्या सासऱ्यांसाठी कुणीतरी भात शिजवत होतं, एवढंच मला ठाऊक आहे. तेवढ्यासाठी मी हात जोडले.