देवीच्या होडीतला कोयता

आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं, त्यामुळे बुडून मरायची भीती बाळगणारी केज तालुक्यात बहुधा मी एकटीच असेन. पण धरण भरलं की आमच्या देवीच्या टेकडीला चहूकडून पाणी वेढतं आणि तिचा दिवा बंद पडतो. ते ऐकून एका भल्या माणसाने कोकणातून आपली जुनी शिडाची होडी पाठवली. ट्रकने ती धरणाच्या भिंतीपर्यंत आली. तिथून पाण्यावरून गावी न्यायचं काम आमचं. माझे यजमान हौसेने पुढे झाले, ट्रॅक्टरचे मिस्त्री बशीरभाई तयार झाले. देवीची ओटी घेऊन एक सवाष्ण होडीत हवी असं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. देवीला नाही कसं म्हणायचं? मनातून मात्र, एवढी दिव्याची हौस असेल तर तिनेच पाणी आटवावं, असं मी म्हणत होते.

सकाळी होडीला हार घातला. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायची आपली रीत. होडीला चाक नाही, म्हणून यजमानांनी ते सुकाणूखाली ठेवलं. होडी घेऊन आलेल्या माणसाने शिडाचा दोर कसा धरायचा ते दाखवलं आणि तो हातातच ठेवा, बांधू नका, असं बजावलं. आम्ही माना डोलावल्या. निघताना एक अनोळखी म्हातारी गुडघाभर पाण्यात आली. "नारळ कशानं फोडणार माय? ह्यो असू दे जवळ," म्हणत तिने ऊसतोडीचा कोयता माझ्या पिशवीत सरकवला. देवीच्या होडीत लोखंड कशाला, असं मला वाटलं, पण माझे दोन्ही हात तेव्हाच होडीची कड धरून बसले होते.

दुपारपर्यंत वारा शहाण्यासारखा वागला. दोर धरून यजमानांचे तळहात सोलवटले. मग जन्मभर उसाच्या ट्रॉल्या आवळणारा माणूस जे करील तेच त्यांनी केलं. दोर बाकाला वेढे देऊन करकचून बांधला. "आता हालत न्हाई," ते म्हणाले. बशीरभाईंनी गाठ ओढून पाहिली आणि, "लई पक्की हाय," अशी शाबासकी दिली.

मधोमध आलो आणि वारा उठला. शीड फुगलं, वाऱ्याला सुटायला वाट नाही. होडी एका अंगावर कलली आणि कडेवरून पाणी आत येऊ लागलं. यजमान गाठीशी झटत होते, पण भिजलेली गाठ सुटेना. बशीरभाई बादलीने पाणी उपसत अल्लाला हाका मारत होते. मी वरची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. एवढ्या वर्षांची पाठ आरती, तिची पहिली ओळसुद्धा आठवेना. लेकीचं तोंड तेवढं डोळ्यांपुढे आलं. "बाई, मला काही येत नाही, तूच बघ," एवढंच मी देवीला म्हणाले.

तेवढ्यात पिशवी घसरत पायाशी आली. कोयत्याची मूठ बाहेर डोकावत होती.

"वैनी, कोयता! दोर तोडा!" बशीरभाई ओरडले.

त्यासाठी कड सोडायला हवी होती. बोटं उघडेनात. तेवढी भीती मी पुन्हा कधी अनुभवली नाही. मग ती कशी उघडली, मला सांगता येणार नाही. मी ओल्या फळीवरून घसरत खाली गेले आणि घाव घातला. दोर तुटला, शीड फडफडलं आणि होडी हिसका देऊन सरळ झाली. तो तुटका दोर जोडून, हातात धरूनच, आम्ही संध्याकाळी गावाला लागलो. नारळ त्याच कोयत्याने फोडला.

पुढे कोयता परत करायला गेलो, पण धरणावर त्या म्हातारीला कुणी ओळखेना. गाव म्हणतं, देवीच आली होती. मी तसं म्हणत नाही. कुणा ऊसतोड्याची आई असेल. पण जिने तिला पाठवलं, त्या देवीचे उपकार मी विसरणार नाही. देवाला घट्ट धरून ठेवणं म्हणजे भक्ती, असं मी समजत आले होते. त्या दिवशी मी सोडलं, तेव्हा कुणीतरी मला धरलं.

कोयता आता देवळात असतो. दिवा लावायला मी त्याच होडीने जाते. भीती अजून वाटते आणि कड मी अजून धरते, फक्त एका हाताने. दुसऱ्या हातात देवीच्या तेलाची बाटली असते.