चकचकीत टोपीचा स्पीकर

कारखान्यात त्याला टुणटुणे म्हणत. गिटार वाजवायचा म्हणून. नाव इतकं चिकटलं की नवीन आलेल्या साहेबांना ते खरंच आडनाव वाटलं आणि त्यांनी एकदा सगळ्यांसमोर "मिस्टर टुणटुणे" अशी हाक मारली. त्याने लगेच ओ दिली. साहेबांचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला असेल असं आता मला वाटत नाही. ओठ दिसले असतील.

आम्ही दोघं हॅमरवर होतो. तापून लाल झालेला लोखंडाचा तुकडा तो लांब सांडशीने ऐरणीवर धरायचा आणि मी दांडा ओढून वरून घण सोडायचो. त्याने हनुवटी खाली केली की घण खाली. वर केली की थांबायचं. मान तिरकी केली की हलका ठोका. या कामात चुकायला जागा नसते. उमेदीची सगळी वर्षं त्याने माझ्या घणाखाली हात घातले आणि त्याचं एकही बोट गेलं नाही. "गिटारवाल्याची बोटं आहेत, सांभाळून," असं तो पाळी सुरू होताना म्हणायचा. म्हणजे तोंड हलवायचा. त्या शेडमध्ये आवाज काढून बोलण्यात अर्थच नव्हता. सगळे तोंड मोठं उघडून, आवाज न काढता बोलत आणि समोरचा ओठांवरून ओळखी. चेष्टा, शिवी, घरचं भांडण, सगळं त्यातच चाले. सवय घरीही यायची. माझी बायको वैतागायची, "अहो, मासा झालाय का तुमचा? आवाज काढा की!"

निवृत्त झाल्यावर टुणटुणेचं एका छोट्या ताफ्यात जमलं. गायला एक जुना बसचालक, ज्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत. ऑर्गनवर शाळेतल्या एक बाई. आणि गिटारवर हा. शनिवारी संध्याकाळी वसाहतीच्या हॉलमध्ये तिघं वाजवत. लोक खुर्च्या ओढून बसत, कुणी नाचत, कुणी डुलकी काढत. टुणटुणेचा सगळा आठवडा त्या शनिवारसाठी असे. रोज सकाळी बोटांचा सराव, अंगात ताप असला तरी. मेहनतीत मी त्याला कधी कमी पाहिलं नाही. बसून खाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून सांगतो.

मग कुरबुर सुरू झाली. एका शनिवारी वाजवणं संपल्यावर ड्रायव्हरने त्याला थांबवलं. मी खुर्च्या रचत होतो.

"तुझा तो डबा किंचाळतो रे," ड्रायव्हर म्हणाला. "मी गायला तोंड उघडलं की कानात सुई जाते."

"किंचाळतो? अरे, मेलाय तो!" टुणटुणे म्हणाला. "वरच्या तारा उठतच नाहीत. बटण शेवटपर्यंत फिरवलंय तरी नाहीत."

"मेला असेल तर पुरून टाक आणि नवीन आण. नाही आणलास तर मी आणि बाई दोघंच करू. तू पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजव."

"बाई, तुमचंही हेच म्हणणं?"

बाई ऑर्गनवर कापड घालत होत्या. त्यांनी मान न वळवता कापडाच्या सुरकुत्या काढल्या. म्हणजे तेच म्हणणं होतं.

दोघांच्या तक्रारी उलट्या होत्या, पण ठपका एकावरच होता, ॲम्प्लिफायरवर. त्यामुळे कुणी पुढे विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. "चल. एकट्याच्या कानावर हे काम सोडायचं नाही." त्याची बायको जिन्यात उभी होती. "मी पण येते," वहिनी म्हणाल्या.

"तू? तुला काय कळतंय स्पीकरमधलं?"

"रोज ऐकते ना तुमचं!"

"ऐकणं वेगळं, पारखणं वेगळं," तो म्हणाला आणि मला घेऊन निघाला.

दुकान लांबट होतं. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, जमिनीवर काळ्या पेट्या. दुकानवाली चाळिशीची, केस वर बांधलेली, कामाला चोख. ॲम्प्लिफायर लवकर ठरला. साधा, मजबूत, यंत्र वेगळं आणि स्पीकरची पेटी वेगळी घ्यायची असा. खरी गंमत पेटीची होती.

"काका, पेटी याला जुळणारी हवी," ती म्हणाली. तिने ॲम्प्लिफायर फिरवून मागची बाजू दाखवली. "इथे आठ ओहम लिहिलंय ना? मग पेटीही आठचीच. आणि हा जेवढा जोर लावणार, त्यापेक्षा जास्त सोसणारा स्पीकर हवा. नाहीतर एक दिवस फाटेल."

"म्हणजे घणापेक्षा ऐरण भारी," मी म्हणालो.

"अगदी तसंच."

जुळणाऱ्या तीन पेट्या निघाल्या. पहिलीत एकच मोठा स्पीकर होता. "याचा आवाज गोल आहे, माणसाच्या गाण्याखाली छान बसतो," ती म्हणाली. टुणटुणेने वाजवलं आणि मान हलवली. "रजईत गुंडाळलाय कुणीतरी." दुसरीत दोन मध्यम स्पीकर. "याने रजईतून नाक बाहेर काढलंय. पण उठला नाही अजून." ती हसली. तिसरीच्या स्पीकरला मधोमध ॲल्युमिनियमची चकचकीत टोपी होती.

"हा तिखट आहे काका. सरळ समोर बसलेल्याला टोचतो. गाणाऱ्याबरोबर असेल तर मी देणार नाही."

"वाजवून तर बघू."

तो स्टुलावर बसला, पेटीच्या अगदी समोर, कान पुढे करून, आणि वरच्या तारेवर एक लांब सूर काढला. त्याचा चेहरा उजळला. बऱ्याच वर्षांत मी तो असा पाहिला नव्हता. मलाही तो सूर स्वच्छ आला. आधीच्या दोन पेट्यांमधून मला ठोके आले होते, सूर असा पहिल्यांदाच. आवाज वाढवून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं तोंड हलवलं, "कसा?" मी तोंड हलवलं, "साफ. पोलादासारखा." "घेऊ?" "घे."

गिटार बघायला आलेलं एक गिऱ्हाईक मधूनच निघून गेलं. घाईत असेल असं आम्हाला वाटलं. दुकानवाली गल्ल्यामागे गेली होती. तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग खाली वाकून वायर गुंडाळताना ती काहीतरी म्हणाली.

"हो, दोरी पण द्या," टुणटुणे म्हणाला.

तिने दोरी दिली.

पेटी जड होती. आम्ही ती कंबर न वाकवता, गुडघ्यांतून उचलली, आणि तीन मजले चढवली. मधे एकदाही टेकवली नाही. या वयात हे सोपं नाही. ड्रायव्हरला बोलावलं होतं, तो आला नाही.

शनिवारी हॉलमध्ये पेटी मांडली. टोपी चमकत होती. लोक जवळ येऊन बघून गेले. पहिलं गाणं ड्रायव्हरने धरलं, टुणटुणेने तार छेडली, आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. मग तिच्या शेजारणीने. ड्रायव्हर मागे वळून हातवारे करू लागला. टुणटुणेला वाटलं, अजून जोरात म्हणतोय. त्याने बटण फिरवलं. एक पोर रडायला लागलं, मला त्याचं उघडं तोंड दिसलं. मी तोवर समाधानाने ऐकत बसलो होतो. प्रत्येक सूर मोजून घ्यावा असा येत होता.

बाई उठल्या, ऑर्गनमागून आल्या आणि त्यांनी भिंतीतलं बटण बंद केलं. मग टुणटुणेच्या समोर येऊन, तोंड त्याच्याकडे करून, हळू म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला ऐकू येत नाही का हो?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. साक्षीदार मीच होतो ना.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तपासलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला पट्टा लावला, शिट्टी ऐकू आली की बोट वर करा म्हणाल्या. आम्ही बराच वेळ बोट वर करायची वाट बघत बसलो. माझा कान त्याच्यापेक्षाही गेलेला निघाला. "हॅमरवर होतात?" त्यांनी विचारलं. "दोघं एकाच?" मग म्हणाल्या, "वरचे सूर परत येणार नाहीत. कानातल्या मशीनने बोलणं थोडं कळेल, गाण्याचं मी सांगू शकत नाही." त्याने मशीन लावून पाहिलं. गिटार पत्र्याच्या बादलीत टाकल्यासारखी वाजते म्हणाला आणि काढून ठेवलं.

आम्ही पेटी बदलायला दुकानात गेलो. तिने तक्रार न करता पहिली, गोल आवाजाची पेटी पुढे काढली.

"मी तेव्हाच विचारलं होतं काका," ती म्हणाली, आता तोंड समोर ठेवून. "ऐकायला कमी येतं का म्हणून. तुम्ही म्हणालात, हो, दोरी पण द्या."

टुणटुणे हसला. मीही हसलो. मग तो त्या पेटीवर वाजवायला बसला आणि थोड्या वेळाने थांबला. त्याला ऐकू येणारा स्पीकर दुसऱ्या कुणाला सोसवत नव्हता. दुसऱ्यांना आवडणारा त्याच्यापर्यंत येत नव्हता. यात ती तरी कुठली पेटी देणार? तरी त्याने गोल आवाजाचीच घेतली. "वाजवताना मी कुठे ऐकतो? बोटांना पाठ आहे," म्हणाला. पण गाणारा कधी लांबवतो, कधी थांबतो, ते बोटांना पाठ नसतं. दोन शनिवार तो ड्रायव्हरच्या ओठांकडे बघून वाजवत राहिला. ड्रायव्हर लोकांकडे तोंड करून गाणारा. तिसऱ्या शनिवारी दोघांनीच केलं. त्यांना दोष देत नाही. हॅमरवर असा माणूस असता तर मीही उभा केला नसता.

परवा त्याच्याकडे गेलो. वहिनींनीच ॲम्प्लिफायरची बटणं फिरवून ठेवली होती आणि त्यांच्या कानाला जिथे बरं वाटतं तिथे नखाला लावायच्या रंगाचे ठिपके दिले होते. "आता वाजवा बघू," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून खुर्चीत बसल्या. त्याने वाजवलं. मी बोटं बघत होतो. एकही चुकत नव्हतं. मला जाड तारांची धडधड तेवढी येत होती, जशी शेजारच्या घरातून येते.

मधेच त्याने मान वर केली आणि जुन्या पद्धतीने तोंड हलवलं, "काही येतंय?"

मी तोंड हलवलं, "नाही."

"मला पण."

त्याने गाणं अर्ध्यात सोडलं नाही. शेवटपर्यंत नीट वाजवलं. मग वायर काढली, पीळ पडणार नाही अशी गुंडाळली आणि पेटीवर ठेवली. गिटार भिंतीला टांगायला तो वळला.

"थांबलात का? किती गोड लागत होतं," वहिनी म्हणाल्या.

त्याची पाठ त्यांच्याकडे होती. मी त्यांना हाताने खूण केली, राहू द्या.