सरकणाऱ्या चौकोनांची लबाडी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, संगणकाच्या पडद्यावर पाच चौकोनांनी जी लबाडी केली, तिची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. चौकोन निर्दोष आहेत.

नवशिक्यांना प्रोग्रामिंग शिकवणारी हलती चित्रं मी तयार करतो. आमच्या गोरखपूर मोहल्ल्यात कुणाला हे सांगितलं की विचारतात, "अच्छा, म्हणजे कार्टून?" मी ऐटीत मान डोलावतो. त्या दिवसांत अ‍ॅरेचं चित्र चाललं होतं. अ‍ॅरे म्हणजे एका ओळीतले चौकोन, प्रत्येकात एकच आकडा. माझ्या ओळीत चार, सात, दोन, नऊ होते आणि पाचवा चौकोन रिकामा. चारच्या शेजारी पाचाला बसवायचं होतं. मी सात, दोन आणि नऊ यांना एकदम, एका लयीत उजवीकडे सरकवलं. पाच अलगद उतरला, वर 'टिंग' असा आवाज! मीच ते कितीदा तरी पाहिलं.

ते चित्र शेजारच्या ताईंनी नेलं. त्या आमच्याच शहरातल्या घमापूर भागात, एका हिंदी शाळेत गणित शिकवतात. शाळा त्यांना संगणकाचा तास देणार होती. पण सोमवारी मुख्याध्यापिका मागे बसून धडा पाहणार आणि जमला नाही तर तास दुसऱ्याकडे जाणार. सारी नोकरी लसावि-मसावित गेल्यावर ताईंना तो तास फार हवा होता.

शनिवारी त्या लॅपटॉप घेऊनच आल्या. "काहून हो भाऊ, तुमच्या चित्रात सगळे मस्त सरकून राहिले, अन् माझ्याकडे दोन आणि नऊ गायब! नुसते सातच सात येऊन राहिले."

त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहिताना सातला आधी सरकवलं होतं. तो दोनच्या जागी बसला, दोन पुसला गेला. मग तोच सात नऊच्याही उरावर.

"उलटं करा. मागून सुरू करा," मी म्हणालो.

"काहून पण? चित्रात तर सगळे संगच सरकतात."

"तसंच असतं ताई."

"मुलांना हेच सांगू? तसंच असतं म्हणून?"

संगणक एका वेळी एकालाच हलवतो, आणि नेमकं तेच मी माझ्या सुंदर लयीत लपवून टाकलं होतं.

रविवारी आमच्याकडे बारसं होतं. पंगत बसली, ताटं वाढून झाली, आणि तेवढ्यात मोठे जावई आले. जावयांना सासऱ्यांच्या शेजारीच बसवायला हवं. मी यजमान! हात उंचावून गर्जना केली, "चला, सरका!" सासऱ्यांशेजारच्या मावशी आज्ञाधारक. त्यांनी लगेच आपलं ताट उचलून पुढच्या पाटासमोर ठेवायला घेतलं. तिथे काका जेवायला बसलेलेच होते. मावशींची कढी काकांच्या श्रीखंडात.

"तिकडून काय सुरू करता?" बायको वाढता वाढता ओरडली. "शेवटच्याला उठवा आधी!"

पंगतीच्या टोकाला ताई बसल्या होत्या, त्यांच्या पलीकडे एक पाट रिकामा. त्या ताट घेऊन उठल्या, त्या रिकाम्या पाटावर बसल्या, मग त्यांच्या जागी अलीकडचा पाहुणा, त्याच्या जागी काका, काकांच्या जागी मावशी, आणि सासऱ्यांशेजारी जावई. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात धुवायलाही न थांबता संगणकाकडे धावलो.

दुपारभर बसून मी चित्र मोडलं आणि नव्याने केलं. आता बटण दाबून एका वेळी एकालाच हलवता येत होतं, मागून सुरू केलं तरच सगळे वाचत. जागा रिकामी नसताना कुणी घुसला तर आधीचा आकडा सपाट. 'टिंग' काढून टाकला. लय गेली, पण खरं दिसू लागलं.

सोमवारी ताईंच्या आग्रहाने मीही मागच्या बाकावर होतो, मुख्याध्यापिकांच्या शेजारी. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. चेहऱ्यावर रेषही हलत नव्हती. ताईंनी पाच आणला आणि चित्र थांबवलं. "अब पहले कौन हटेगा?" ताईंनी मुद्दाम सातला ढकललं. दोन सपाट झाला. आता सात नऊकडे वळला, ताईंचं बोट बटणावर, आणि माझ्या शेजारचं पेन थांबलं. मुख्याध्यापिका बाकावरून अर्ध्या उठल्या आणि भर वर्गात ओरडल्या, "अरे रुको, पहले नौ को खिसकाओ, नहीं तो बेचारा वो भी मारा जाएगा!"