बाईला घेऊन सिरोंच्याला

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. धाकट्या बहिणीचा, सुमीचा, सिरोंच्याहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "भाऊ, एकदा बाईले घेऊन ये ना."

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. आमची बाई सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात राहते. सुमी नर्स म्हणून सिरोंच्याकडे नोकरीला गेली आणि तिथल्याच मल्लेशशी तिनं लग्न केलं. तो तेलुगू बोलणारा, गोदावरीत डोंगा चालवणारा, जातीबाहेरचा. त्यावेळी बाई सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मी तिच्या घरच्या अन्नाले हात लावणार नाई." त्याला अठरा वर्षं झाली. मी मात्र वर्षातून एकदा सिरोंच्याला जाऊन येत असे, आणि बाईला सांगत नसे. बाईला दुखवायचं नाही आणि सुमीला तोडायचं नाही, असा माझा हिशोब होता.

या वेळी सुमीचा काकुळतीचा आवाज ऐकून मी बाईला फोन लावला. नकार येणार हे धरूनच विचारलं. पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाली, "गाडीत जागा किती आहे?"

"काऊन?"

"माहा स्टो मावन का? मी माहं शिजवून खाईन."

असा हा प्रवास ठरला. ऊर्जानगर, म्हणजे चंद्रपूरजवळची आमची वीजकेंद्राची कॉलनी, ते सिरोंचा, आरामात, पाच दिवसांचा.

कंपनीच्या बसगाड्या पहिल्या पाळीच्या लोकांना घेऊन निघाल्या, त्यांच्या मागोमाग मीही कॉलनीबाहेर पडलो. चंद्रपुरात थेट अंचलेश्वराकडे गेलो. मोठ्या प्रवासाला निघताना या महादेवाला सांगून जायची माझी सवय आहे. शेजारीच गोंड राजांच्या समाध्या आहेत. पंचवीस वर्षं या शहराच्या उशाशी राहतोय, पण परकोटाची ती काळी भिंत सकाळच्या उन्हात पाहिली की अजूनही गाडीचा वेग आपोआप कमी होतो. बाहेरून येणाऱ्यांनी चंद्रपूर म्हणजे फक्त वाघ असं समजू नये. अर्धा दिवस किल्ल्याच्या दरवाजांसाठी ठेवावा, आणि गाडीतून उतरून चालत फिरावं.

मूल गावापर्यंतचा रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना जंगल, आणि माकडं रस्त्यावर बसलेली असतात, म्हणून हळू चालवा. मूलनंतर धानाचा मुलूख सुरू होतो. कापणी झालेली होती. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या, कुठे भाऱ्यांचे पुंजणे रचलेले, आणि हवेत तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, गोड वास. सिंदेवाहीला भाताचं संशोधन केंद्र आहे. आमच्या गावाकडचे शेतकरी तिथून बियाणं आणतात आणि वर्षभर त्याला नावंही ठेवतात.

बाई दारातच उभी होती. पायाशी एक पिशवी तांदळाची, एक भांड्यांची, आणि छोट्या सिलिंडरवर बसवलेला तो स्टो. भाचसून सासूकडे पाहत, हसू दाबत म्हणाली, "मामाजी, आत्याबाई काल रातपासून सामान बांधून राह्यल्या. पाटा-वरवंटा तेवढा राह्यला."

"तो गाडीत चढला नसता," बाई गंभीरपणे म्हणाली.

त्या रात्री मुक्काम तिथेच केला. सकाळी बाईनं मला गावतळं दाखवायला नेलं. जणू मी ते कधी पाहिलंच नाही. मालगुजारांच्या काळातलं तळं, पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, जुनी आंब्याची झाडं, पाण्यात पांढरी कमळं. आम्ही तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली माणसं. बाई बाराव्या वर्षापासून जाळं ओढते. आता छप्पन्न वर्षांची आहे, तरी गावच्या मच्छीमार संस्थेचं जाळं पडलं की ही पाळीवर हजर असते आणि तरण्या पोरांना सूचना देते. ती सूचना म्हणते, पोरं वेगळा शब्द वापरतात.

त्याच दिवशी मूल आणि सावली या गावांवरून गडचिरोली आणि पुढे चामोर्शी. चामोर्शीपासून थोडं आत मार्कंडा. या ठिकाणाबद्दल किती लिहावं. वैनगंगा इथे वळून उत्तरेला वाहते आणि तिच्या काठावर दगडी देवळांचा समूह उभा आहे. हजारेक वर्षांत वीज पडली, पाणी आलं, काही शिखरं ढासळली. जे उरलंय त्यावरच्या मूर्तींपुढे माणूस बोलायचं विसरतो. एका खांबावरची वादक स्त्री मी बराच वेळ पाहत राहिलो. तिचं बोट वाद्यावर टेकायच्या आधीच्या क्षणी थांबलेलं आहे.

महादेवापुढे बाई डोळे मिटून खूप वेळ बसली. काय मागितलं ते मी विचारलं नाही. मी स्वतः एवढंच म्हणालो, की देवा, तिथं गेल्यावर कोणाच्या तोंडून वावगं काही निघू देऊ नकोस.

देवळाबाहेर एका खाणावळवालीकडे भाकरी, वांग्याची भाजी आणि तिखट ठेचा मिळाला. शंभर रुपयांत दोघांचं पोट भरलं. माझं भरलं म्हणायला पाहिजे, कारण बाईनं घरून आणलेल्या शिदोरीवरच भागवलं. "सरावात असलेलं बरं," ती म्हणाली.

आष्टी ओलांडली की जंगल बदलतं. साग उंच होत जातात, सावली दाट होते, वाटेत गोंड-माडिया वस्त्या लागतात. अंगणं इतकी स्वच्छ सारवलेली, की आपल्या घराची लाज वाटावी. आलापल्लीजवळ जुन्या सागांचं राखलेलं वन आहे. त्यातली झाडं पाहायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. मुक्काम आलापल्लीला केला. खोल्या साध्या पण नीटनेटक्या असतात. आधी फोन करून जावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या नेहमीच्या टपरीवर चहा प्यायला थांबलो आणि माझी फजिती झाली. टपरीवाला मला पाहून म्हणाला, "या भाऊ, यंदा हिवाळ्यातच आले? दरसाल तर तुम्ही उन्हाळ्यात जाता सिरोंच्याच्या बहिणीकडे."

मी बाईकडे पाहिलं. तिनं चहाचा घोट घेतला, कप न्याहाळला.

"चहा चांगला आहे," ती म्हणाली. "साखर जरा जास्त आहे."

बस. पुढचे शंभर किलोमीटर ती खिडकीबाहेर पाहत राहिली. आलापल्ली ते सिरोंचा हा रस्ता घाईचा नाही. कुठे नवीन काम, कुठे खड्डे, आणि मोबाइलला रेंज येते-जाते. पेट्रोल आलापल्लीलाच भरून घ्या, पाणी सोबत ठेवा, आणि दिवसाउजेडी पोचा. मला त्या दिवशी खड्डे बरे वाटले. निदान त्यांच्याबद्दल बोलता येत होतं.

सिरोंच्याला दुकानांच्या पाट्या तेलुगूतही आहेत, चहाबरोबर इडली मिळते, आणि बाजारात भाव करताना माणूस एका वाक्यात तीन भाषा वापरतो. सुमीचं घर नदीच्या बाजूला आहे. ती फाटकाशी उभी होती. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग बाई म्हणाली, "वाळली तू."

"तू पांढरी झाली," सुमी म्हणाली.

एवढंच. बाईनं अंगणात कडुनिंबाखाली आपला स्टो मांडला, भात आणि वरण शिजवलं आणि एकटी जेवली. सुमीनं आतून सगळं पाहिलं. तिनं दोन दिवस खपून मांडे, खीर, काय काय केलं होतं. मल्लेशच्या आईला मराठी येत नाही. तिनं खुणेनंच विचारलं, ही आपल्यासोबत का जेवत नाही? मल्लेश तेलुगूत काहीतरी म्हणाला. म्हातारी हळूच हसली आणि रात्रीच्या स्वयंपाकाला ज्योतीला वारा लागू नये म्हणून तिनं स्टोभोवती पत्रा लावून दिला. मी खिरीची वाटी तशीच बाजूला ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे नदीवर गेलो. प्राणहिता आणि गोदावरी इथे मिळतात. ते पाणी पाहिल्यावर आमचं गावतळं म्हणजे ओंजळच. पलीकडे तेलंगणातलं कालेश्वर. तिथं एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत. दुपारी पुलावरून दर्शनाला जायचं ठरलं होतं.

मल्लेश आणि त्याचे सोबती मोठं ओढजाळं लावत होते. डोंग्यातून अर्धवर्तुळात जाळं सोडलं, आणि दोन टोकांचे दोर काठावरून दोन टोळ्या ओढू लागल्या. एका बाजूला माणूस कमी होता. एकजण बाजाराला गेलेला. मी वाळूत बसून पाहत होतो, बाई माझ्याशेजारी उभी.

"ढील पडून राह्यली," ती पुटपुटली.

मला काही दिसलं नाही.

"डावीकडे पाह्य ना. जाळं उचललं. समदी मच्छी बुडातून निघून जाईन." मग जरा मोठ्यानं, "अरे दाबा तिकडून." तिकडच्यांना कळलं नाही. बाईनं चपला काढल्या, पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यात शिरून दोर धरला. ओढणाऱ्यांनी एकदा वळून पाहिलं आणि तिच्यासाठी जागा केली. पुढचा अर्धा तास ती मराठीत ओरडत होती, ते तेलुगूत ओरडत होते, आणि जाळं सरळ काठाला येत होतं. सुमी माझ्याजवळ येऊन बसली, तोंडावर पदर धरून.

जाळ्यात रोहू होते, मरळ होते, बारीक झिंगे होते. मल्लेशनं वाळूवर सारखे ढीग लावले, जितके हात तितके. आमच्या तळ्यावर जी रीत आहे तीच इथेही होती. एक म्हातारा पाठ फिरवून उभा राहिला. मल्लेश एका ढिगावर बोट ठेवून विचारी, हा कोणाचा? म्हातारा न पाहता नाव घेई, आणि तो ढीग त्याचा. कोणाला मोठा मासा गेला म्हणून भांडण नाही. नावं होत गेली. शेवटून दुसऱ्या ढिगाला म्हातारा क्षणभर थांबला. त्याला बाईचं नाव माहीत नव्हतं, गाव तेवढं ऐकलेलं. मग म्हणाला, "सिंदेवाही."

मल्लेशनं तो ढीग बाईपुढे सरकवला. "बाई, तुमचा हिस्सा."

"मले नको."

मल्लेश अडखळत म्हणाला, "दोर धरला ना तुम्ही. हिस्सा सोडला तर जाळं रुसते. उद्या रिकामं येते."

हेच वाक्य बाईनं आमच्या पाळीवर कितीजणांना सुनावलेलं मी ऐकलंय. दोराला हात लावणाऱ्याचा वाटा हे दान नसतं आणि पाहुणचारही नसतो. तो नाकारायचा हक्क कोणालाच नाही. तिनं खाली बसून पदरात मासे घेतले. भला मोठा वाटा होता.

घरी आल्यावर ती आपल्या स्टोसमोर उभी राहिली. स्टोकडे पाहिलं, माशांकडे पाहिलं.

"सुमे," तिनं हाक मारली, "चूल पेटव. यावर एवढी मच्छी सांजेपर्यंत नाई शिजत. आन तुह्याकडचं तिखट दाखव, कसं आहे ते."

सुमीनं तिखट दिलं. बाईनं बोटावर घेऊन चाखलं. "झणझणीत आहे," म्हणाली, आणि दोघी चुलीपुढे बसल्या. म्हातारीनं भात वाढला, तो बाईनं घेतला. काल उरलेली खीरही घेतली आणि तिच्यात वेलची जास्त झाल्याचं सुमीला सांगितलं. कालेश्वराला आम्ही सगळे मिळून गेलो, पण सूर्य कलता झाल्यावर.

परतीला आलापल्ली मागे पडल्यावर बाई आपणहून बोलली.

"तू दरसाल जात होता, ते मले मालूम होतं. तुह्या गाडीले नदीच्या सुक्या मच्छीचा वास येये. तळ्याच्या मच्छीचा वास वेगळा राह्यते."

"मग बोलली काऊन नाई?"

"मी काय बोलू? मी एक डाव बोलून बसली होती. मले वाटे, यंदा तरी हा म्हणन, चाल बाई. अठरा वर्षं तू म्हणालाच नाई."

"तू नाई म्हटली असती."

"म्हटली असती कदाचित," ती म्हणाली. "पन तू विचारलं तर असतं."

उजवीकडून सागाची झाडं मागे जात होती.

घरी येऊन आता आठवडा झाला. मार्कंड्याच्या त्या वादक स्त्रीचं बोट डोळ्यांसमोर आहे, गोदावरीचं रुंद पाणी आहे. जमेल त्यानं हा रस्ता एकदा करावा, हिवाळ्यात आणि सावकाश. पण माझ्यापाशी राहिलं ते बाईचं बोलणं. मी दोघींची मनं सांभाळतोय असं मला वाटत आलं होतं. खरं म्हणजे मी बाईचा नकार तिच्या वतीनं आधीच देऊन टाकत होतो, अठरा वेळा.

परवा जेवताना बायकोला म्हणालो, "पुढच्या वेळी तूही येतेस का सिरोंच्याला?" तिला रजा मिळणार नाही, असं मीच इतकी वर्षं ठरवत आलो होतो.

तिनं हातातला घास थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी वाट पाहत होती," ती म्हणाली, "बाईनंतर माहा नंबर लागते का ते."